दोन आयांचा फ्रॉक

काल माझी आई गेली.

दुसऱ्यांदा.

पहिली गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तिला कावीळ झाली होती, एवढंच आठवतं. आता ही गेली, तर मी पन्नाशी ओलांडलीये आणि सकाळपासून लहान पोरीसारखी रडतेय.

हिचं नाव सुमन. कराडकडची. बाबांशी लग्न करून नेरूळला आली तेव्हा मी सात वर्षांची होते.

ऐंशीचं दशक. नेरूळ म्हणजे तेव्हा नव्या बिल्डिंगा, धूळ आणि डास. साधी दोऱ्याची रीळ हवी असली तरी बस पकडून वाशी गाठायची.

बाबा पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर. मे महिना, शाळेला सुट्टी. दिवसभर घरात आम्ही दोघीच.

मी तिला कुठल्याच नावाने हाक मारायचे नाही. आत्याने बजावून ठेवलं होतं, "आई म्हणायचं हं." मी कधी म्हटलं नाही. काही हवं असलं की जाऊन समोर उभी राहायचे.

तिनेही कधी आग्रह केला नाही.

माहेरून तिने हातमशीन आणलं होतं. ब्लाउज, परकर, पिशव्या, असलं सगळं शिवायची. फ्रॉक मात्र कधी शिवला नव्हता.

एक दिवस कपाट आवरताना तिला एक पाकीट सापडलं.

वर फॉरेनच्या मुलीचं चित्र. गोल कॉलर, फुग्याच्या बाह्या, खाली झालर. आत त्याच फ्रॉकचा पॅटर्न, म्हणजे बेतायचा नमुना, एकदम पातळ कागदावर छापलेला. माझ्या आईने माझ्यासाठी मुंबईला फोर्टमधून विकत आणलेला. त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. आजारपणात सगळं राहून गेलं.

"शिवू का ह्यो तुला?" तिने विचारलं.

मी पाकीट खेचून घेतलं. "माझ्या आईचं आहे ते. तू कापायचं नाही!"

मला वाटलं, आता ओरडणार.

"न्हाई कापत," ती म्हणाली. "तुझं बरोबर हाय."

संध्याकाळी तिने बाबांना त्यावरचं इंग्लिश वाचायला लावलं. बाबा म्हणाले, "अगं, हा चार वर्षांच्या मुलीचा आहे. हिला आता नाही होणार. आणि कागद कापायचाच असतो, तसं लिहिलंय यात. कशाला टेन्शन घेतेस? वाशीला जाऊन रेडिमेड घेऊ ना."

"रेडिमेड कोनबी घील," ती म्हणाली. "ह्यो तिच्या आईनं निवडलाय."

हे मी दाराआडून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तिने पतंगाचे कागद आणले, खळीने एकाला एक चिकटवले. आईचा कागद फरशीवर अलगद उलगडला आणि त्यावर पतंगाचा कागद ठेवून एकेक रेघ पेन्सिलने उतरवून घेतली. आईच्या कागदाला कात्री तर सोडाच, टाचणीसुद्धा लागू दिली नाही.

मग माझी मापं घेतली आणि प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रावर वाढवून काढला. बाही सारखी चुकायची. पुसायची, परत काढायची.

मी आधी दारातून बघत होते. मग जवळ जाऊन बसले. मग पंख्याने कागद उडायला लागला म्हणून त्याचं टोक धरलं.

कापडासाठी तिने आहेरातली एक साडी फाडली. पिवळी, पांढऱ्या बारीक फुलांची. एकदाही नेसली नव्हती.

शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात त्याला माया म्हणतात, हे मला तिच्याकडूनच कळलं.

"माया जरा जास्त ठिवते," कापताना ती म्हणाली. "पोरगी वाढती."

मग आली ट्रायल. मला स्टुलावर उभं करून ती कमरेत टाचण्या लावत होती. एक टाचणी जोरात टोचली.

"आई गं!" मी किंचाळले.

"ओ!" ती म्हणाली.

"मी तुला नाही म्हटलं," मी म्हणाले.

"ठावं हाय. पर टोचली मी न्हवं का? म्हनून ओ दिली."

मला हसू फुटलं. मग तिलाही. ती घरात आल्यापासून मी पहिल्यांदाच अशी हसले असेन.

फ्रॉक झाला. एक बाही जरा जास्त फुगली होती, पण माझ्यासाठी तो चित्रातल्यापेक्षा भारी होता.

सोसायटीच्या पूजेला मी तो घातला. शेजारच्या विंगमधल्या एका काकूंनी मला धरून गोल फिरवलं. "अगं बाई, केवढा गोड! कुठून घेतला?"

मी म्हटलं, "निवडला आईने. शिवला आईने."

"म्हणजे सगळं आईनेच!" काकू हसल्या.

"हो," मी म्हटलं.

ती प्रसादाचं ताट घेऊन मागेच उभी होती. माझ्यासाठी पुढे केलेला शिऱ्याचा द्रोण तिने दुसऱ्याच कुणाच्या हातात दिला, इतकी गडबडली.

त्या दिवसापासून ती आई झाली. विषय संपला. घरी त्यावर कोणी चर्चासुद्धा केली नाही.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे सीवूड्सला राहायला आली. भाजीवाल्याशी भांडायची, वॉचमनला चहा पाजायची, जावयापेक्षा मलाच जास्त ओरडायची.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये सिस्टर आमच्या दोघींकडे बघत म्हणाली, "मॅडम, नाक अगदी आईचं घेतलंय हां तुम्ही."

मी काही बोलायच्या आत आईने तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"समदीच म्हनत्यात," ती म्हणाली. आणि माझ्याकडे बघून लबाड हसली.

त्यानंतर ती फारसं बोलली नाही.

आई, सावकाश जा. तुझ्या लेकीचा तुला नमस्कार.