रिकामा धोटा

कुसाबाईला सिमल्याला जायचंच नव्हतं. मुलाने, हर्षलने, तिकिटं काढून झाल्यावर सांगितलं. "आई, तू जन्मात कधी कुठं गेलीस?" हे तो चार पाहुण्यांसमोर म्हणाला, तेव्हाच तिला उमगलं की सहल तिच्यासाठी नाही, पाहुण्यांसाठी आहे.

बाई त्रेसष्ट वर्षांची. चाळीस वर्षं तिने येवल्यात पैठणी विणली. नवरा वारला, पुढे डोळे गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही जरीची बारीक तार दिसेना. मग हर्षलने तिला नाशिकला, द्वारका चौकाजवळच्या आपल्या फ्लॅटवर आणलं. तिथे ती तीन वर्षं बसून होती. भाजी निवडायला घेतली तरी सून योगिनी म्हणायची, "राहू द्या आई, आता आराम करा." त्या आरामाचा कुसाबाईला इतका वीट आला होता की शेवटी ती सिमल्याला निघाली.

तिथला मॉल रोड बघून ती म्हणाली, "हा तर आपला मेन रोडच. नुसता चढावर बांधलाय."

एवढ्या लांब येऊन माणसं स्वेटर विकत घेतात आणि मॅगी खातात, याचं तिला हसू येत होतं. योगिनीने भाड्याचा पहाडी घागरा चढवला, हातात प्लास्टिकच्या फुलांची टोपली धरली आणि सतरा फोटो काढून घेतले. हर्षलची तऱ्हा त्याहून वरची. गाडी थांबली की तो उतरायचा, डोंगराकडे पाठ करायचा आणि मोबाइलमध्ये स्वतःच्या खांद्यावरून डोंगर पाहायचा. "झालं, चला," म्हणून परत गाडीत. दोन दिवसांत असे अकरा पॉइंट झाले. कुसाबाई एकदाच शांतपणे कठड्याला टेकली होती. समोर देवदारांची रांग, खाली दरी, दरीत धूर सोडणारं एक घर. त्या घरात आत्ता काय शिजत असेल, एवढा विचार होतोय तोवर हर्षलने हाक मारली, "आई, पार्किंगचा टाइम संपतोय!"

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरने गाडी एका दुकानासमोर उभी केली. बाहेर पाटी होती, हातमाग शाल केंद्र. कुसाबाई त्या सहलीत पहिल्यांदा कुणी न सांगता गाडीतून उतरली.

दाराशीच माग होता. टोपी, दागिने घातलेली एक पहाडी बाई त्यावर बसली होती आणि खटखट आवाज करत होती. लोक तिचा व्हिडिओ घेत होते. कुसाबाई जवळ गेली, वाकली. तिला दिसलं कमी, पण हात लावल्यावर सगळं कळलं. धोटा इकडून तिकडे पळत होता आणि त्यातली कांडी रिकामी होती. सूतच नव्हतं. बाई नुसती हवा विणत होती.

"बाई, धागा किधर हाय?" तिने आपल्या हिंदीत विचारलं.

ती बाई कसनुसं हसली. हळूच म्हणाली, "धागा डालूँगी तो शाल बन जाएगी, माँजी. फिर नया ताना लगाना पड़ेगा. सेठ को वो नहीं चाहिए."

कुसाबाईला आधी राग आला, मग त्या बाईच्या पायांकडे लक्ष गेलं. ते मागाखालच्या पावड्यांवर बरोबर पडत होते. हिला विणता येत होतं. चांगलं विणता येत होतं. तिच्या खांद्यावर हात ठेवून कुसाबाई आत गेली.

आत हर्षल तीन शाली बाजूला काढून बसला होता. एक योगिनीला, एक आईला, एक साहेबांच्या बायकोला.

"प्युअर हातमाग, सर," सेल्समन म्हणाला.

कुसाबाईने शालीच्या काठावरून बोट फिरवलं. "हर्षल, ही मशीनवरची हाय. मागावर सूत काठापाशी वळून माघारी येतं. इथं बघ, कापलंय. सगळ्या कडेला टोकं लागतात."

"आई, हळू बोल."

"मी चाळीस वर्षं मागावर बसले, मला—"

"आई! इथं नको!" त्याने सेल्समनकडे बघून हसून घेतलं. "ओल्ड एज, यू नो."

इंग्रजी कुसाबाईला येत नव्हतं. हसणं कळलं.

योगिनीने तेवढ्यात आपली शाल उलटी करून काठ चाचपला आणि गुपचूप ठेवून दिली. "मला नको," एवढंच म्हणाली. बाकीच्या दोन हर्षलने घेतल्या.

पुढे उंचावरच्या कुफ्रीला गाडीतही थंडी झोंबत होती, तरी कुसाबाईने ती शाल अंगाला लावली नाही. दात वाजत होते. हर्षल चिडला, "एवढा कसला हट्ट?"

"माझ्या अंगावर ती चढणार नाय."

"दुकानात सगळ्यांसमोर तुझं मागबिग सांगायची गरज होती का पण?"

"का रे? लाज वाटली?"

तो खिडकीतून बाहेर बघायला लागला. संपूर्ण सहलीत डोंगराकडे त्याने सरळ पाहिलं ते तेव्हा.

घरी परतताच तिला ताप भरला. चौथ्या दिवशी उतरला, पाचव्या दिवशी तिने पिशवी भरली. योगिनी द्वारकेपर्यंत सोडायला आली, एसटीत बसवून दिलं, पाण्याची बाटली हातात दिली. "किती दिवस राहणार?" तिने विचारलं. "बघू," कुसाबाई म्हणाली.

येवल्यात राखी म्हणून तिच्या हाताखाली शिकलेली एक बाई आता चार माग चालवते. कुसाबाई तिच्याकडे कांड्या भरायला बसली. त्याला डोळे लागत नाहीत. पण विणकामावरून हात फिरवल्याशिवाय तिला राहवत नाही. एका पोरीचा पदर तिने चार बोटं उसवायला लावला, दुसरीला म्हणाली, "हा मोर हाय का कोंबडी?"

पंधरा दिवसांत दोघींनी राखीकडे तक्रार केली, म्हातारी फार बोलते.

"मग नीट विणा," राखी म्हणाली.