पायाभोवतीचा चुना

माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते आमच्या तालुक्याच्या गावातल्या जनावरांच्या दवाखान्यातल्या पट्टीबंधक काकांचे. नात्यानं ते माझे कुणी नव्हते. वडील मोंढ्यात हमाली करायचे आणि आमची खोली दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून होती, एवढाच संबंध. पट्टीबंधक म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा माणूस. पण डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस काका म्हणजेच दवाखाना. मला अक्षरं लागली ती शाळेपेक्षा त्यांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांमुळे. दहावीनंतर वडील मला मोंढ्यात न्यायला निघाले, तेव्हा काका आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोती उचलायला तुम्ही आहात की. ह्याला राहू द्या." कॉलेजचा फॉर्म त्यांनीच भरला. वडिलांचा अंगठा त्यांनीच शाईत धरून कागदावर टेकवला.

बैलाचा पाय मोडला की काका बांबूच्या कामट्या तासत, त्यांच्याखाली कापूस घालत, वरून सुतळी गुंडाळत आणि त्यावर चुन्याचा जाड लेप देत. दवाखान्यात प्लास्टर क्वचितच यायचं. काका डावखुरे होते, त्यामुळे लेपाबाहेर राहणारी सुतळीची शेवटची गाठ नेहमी एका ठरावीक बाजूला पडायची. एका मंगळवारी ते मला जनावरांच्या बाजारात घेऊन गेले होते. तिथं विकायला उभ्या केलेल्या एका बैलाच्या पायाला पट्टी होती. काकांनी गाठ ओळखली. दीड महिना ते त्या बैलासाठी सायकलवरून शेतात जात होते. मालकानं मान वळवली. तो बैल कुठं जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. काका खाली बसले, सैल झालेली सुतळी त्यांनी घट्ट केली आणि उठले. व्यापारी हसून म्हणाला, "अहो, आता कशाला? दोन दिवसांचा तर प्रश्न आहे." काकांनी हात झटकले आणि ते चालू लागले.

त्यांनी मला शिकवलेला पहिला नियम म्हणजे, आधी धुवायचं, मग बघायचं. घाणीनं भरलेल्या जखमेकडे बघून काही कळत नाही, असं ते म्हणत. तो नियम माझ्या हातांत इतका मुरला की मी तो नियम आहे हेच विसरलो.

पुरातत्त्व शिकलो आणि दोन हजार सालानंतर लवकरच चेन्नईला नोकरी लागली. तांबरमकडच्या एका कॉलेजात प्राण्यांच्या हाडांची छोटी प्रयोगशाळा होती. उत्खननांतून हाडांची पोती यायची. ती साफ करायची, निवडायची, प्रत्येकावर काळ्या शाईनं आकडा घालायचा. मी राहायचो गिंडीत, महाराष्ट्रातल्याच तीन मुलांबरोबर. दोघं पेरुंगुडीला कॉम्प्युटरवर बसायचे, एक मोटारींच्या कारखान्यात होता. ते मला हाडक्या म्हणत. संध्याकाळी दार उघडलं की एकजण विचारायचा, "काय हाडक्या, आज कुणाचं मटण झालं?" मी हसायचो. त्यांचा काही दोष नव्हता. मी तरी माझं काम त्यांना नीट कुठं सांगू शकत होतो?

खरं तर ते सांगण्यासारखं होतं. दातांची झीज बघून जनावर किती वर्षांचं होऊन मेलं ते कळतं. गोऱ्हे लहानपणीच मारलेले आणि गायी म्हाताऱ्या होईपर्यंत ठेवलेल्या दिसल्या, की त्या वस्तीत दूध महत्त्वाचं होतं असं म्हणता येतं. जन्मभर ओझं ओढलेल्या बैलाची खुरातली हाडं कडेनं पसरतात. सुरीच्या खुणा कुठं आहेत त्यावरून कातडं काढलं की सांधा तोडला ते सांगता येतं. माणसांनी जनावरांना कसं वागवलं हे त्या माणसांनी कुठंही लिहून ठेवलेलं नसतं. ते फक्त जनावरांच्या अंगात राहतं. पहिल्या वर्षी हे मला फार मोठं वाटायचं. नंतर नंतर मी पोतं उघडायच्या आधीच खचायचो. पोत्यामागून पोतं तेच निघायचं: राबवलेलं, वापरलेलं, कापलेलं.

काकांना तेव्हा अर्धांगवायू झाला होता. निवृत्त होऊन ते मुलाकडे राहत होते. मी दर रविवारी बूथवरून फोन करायचो. त्यांची जीभ जड झाली होती. एकदा त्यांनी थांबत थांबत विचारलं, "तुझ्या त्या जुन्या लोकांनी कधी जनावराचा पाय बांधला होता का रे?" मी विचारलं, का हो काका? तर म्हणाले, गावात आता ट्रॅक्टर आलेत. पाय मोडला की जनावर सरळ टेम्पोत चढवतात. मुलगा म्हणतो, तुम्ही उगाच आयुष्य घालवलंत. "आधी कुणी केलं असेल तर सांग. नसेल तरी सांग."

मी शोधतो म्हणालो. तेव्हापासून प्रत्येक पोत्यात मी तेवढंच शोधत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात उत्तरेकडच्या एका टेकाडावरून पोती आली. एका पुडक्यात बैलाचा पुढचा पाय होता, गुडघ्याच्या सांध्यापासून खुरापर्यंतची हाडं, एकाच खड्ड्यात जागच्या जागी सापडलेली. नळीचं हाड मधोमध मोडलेलं होतं आणि मोडलेल्या जागी नव्या हाडाची खडबडीत गाठ धरायला लागली होती. म्हणजे पाय मोडल्यावर जनावर काही आठवडे जगलं होतं. त्या हाडांभोवती पांढरे कडक थर चिकटले होते. तिकडच्या मातीत चुनखडी असते, बहुतेक हाडं तशीच येतात. तो थर सौम्य आम्लाच्या पाण्यात विरघळवून काढायची आमची पद्धत होती. पण त्याआधी बघायचं, चित्र काढायचं, फोटो घ्यायचा. ही पद्धत भिंतीवर चिकटवलेली होती. मी ती रोज वाचत होतो.

मला ती मोडलेली जागा स्वच्छ दिसायला हवी होती. काकांना सांगायचं होतं. मी हाडं आम्लाच्या पाण्यात ठेवली आणि बुडबुडे येताना बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशनं घासली. हाड सुंदर साफ झालं. पाणी ओतताना तळाशी नखाएवढी एक खपली दिसली. ती बोटावर घेतली. तिच्या आतल्या बाजूला दोन पिळांच्या दोरीचा ठसा होता. शेजारी एक सरळ, अरुंद खाच होती, कामटीच्या कडेसारखी. मी ती कागदावर ठेवायला गेलो आणि तिचं पीठ झालं.

तो चुना मातीतला नव्हता. कुणीतरी लावलेला होता.

आमच्या मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. त्यांच्या घरी तंजावरची जुनी मराठी बोलत. माझ्याशी कामाचं बोलणं इंग्रजीत आणि मायेचं बोलणं त्या मराठीत, असा त्यांचा रिवाज होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी टेबलावरचं पांढरं स्वच्छ हाड उचललं, फिरवून पाहिलं आणि मराठीत एकच शब्द म्हणाल्या, "धुतलंस?"

मी मान हलवली.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी उत्खननाची वही मागवली. तीत पायाभोवती पांढरे लांबट गोळे, एवढीच नोंद होती. फोटोत नुसती मातीची ढेकळं दिसत होती. माझ्यावर विश्वास आहे, पण एकट्यानं पाहिलेली आणि आता नसलेली खपली अहवालात लिहिता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. हाड किंचित वाकडं जुळत होतं, ते आपोआपही तसं जुळू शकतं. मग त्यांनी गुडघ्याच्या सांध्यावर बोट ठेवलं. तिथं सुरीच्या पाच-सहा आडव्या खुणा होत्या. मोडलेल्या जागेच्या नादात मी त्या पाहिल्याच नव्हत्या. जनावर आपणहून मेलं नव्हतं. त्याला कापलं होतं, आणि मोडका पाय सांध्यापासून तोडून, पट्टी न सोडताच, खड्ड्यात फेकला होता. ज्यांनी बांधला असेल त्यांनीच.

अहवालात दीड ओळ गेली: पुढच्या पायाचं हाड मोडून जुळत आलेलं, उपचार झाला होता की नाही ते सांगता येत नाही, सांध्यावर कापल्याच्या खुणा. ती ओळ मीच टाइप केली. गिंडीच्या खोलीत त्या संध्याकाळी दार उघडलं तेव्हा नेहमीचा प्रश्न आला. मी म्हणालो, बैलाचं. सगळे हसले.

त्या रविवारी मी फोन केला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हे फोनवर बोलायची माझी हिंमत नव्हती म्हणून पत्र लिहिलं. खोटं लिहायचा मोह झाला. पण काकांनी मला बाटलीवर नसलेलं नाव कधी वाचू दिलं नव्हतं. त्यांच्या आधी धुवायच्या नियमाबद्दल मात्र पत्रात अवाक्षर काढलं नाही. त्यांना ते कळलंच असणार. महिन्याभरानं त्यांच्या मुलाचा फोन आला, काका गेल्याचं सांगायला. मी पत्राचं विचारलं. मुलगा म्हणाला, वाचून दाखवलं होतं. ऐकलं, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. पत्र पुन्हा वाचायला सांगितलं नाही.

त्या पत्राची कच्ची प्रत माझ्याकडे आहे.

ती. काकांना नमस्कार,

तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर मिळालं आहे. हो, बांधला होता. दोरी, बांबूसारख्या पट्ट्या आणि वरून चुना. तुम्ही करायचात तसंच. फार जुन्या काळातली माणसं होती ती.

पण हे मी कुणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही. मी ते हाड घाईनं धुतलं आणि चुना गेला. एक खपली उरली होती, ती माझ्या हातात मोडली. ती मी एकट्यानं पाहिली. आमच्या अहवालात हे येणार नाही. चूक सर्वस्वी माझी आहे, दुसऱ्या कुणाचीही नाही.

आणखी एक आहे. न सांगितलं तर तुमच्याशी खोटं वागल्यासारखं होईल. पाय जुळायच्या आधीच त्यांनी तो बैल कापला. पट्टी तशीच होती. का कापला ते हाडावरून कळत नाही. दुष्काळ असेल, किंवा कंटाळले असतील. तुम्हाला बाजारातला तो बैल आठवत असेल. मला रोज आठवतो.

तेव्हा तुमच्या मुलाला काय सांगायचं ते मला सुचत नाही. आधी कुणी केलं होतं का, तर केलं होतं. त्याचं काही झालं का, तर नाही.

दोरीची शेवटची गाठ कुठल्या बाजूला होती ते तेवढं मला बघायचं होतं.