गुंडादादाचं ब्रह्मचर्य

सात वर्षं मी सोलापुरात स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींना इंग्रजी शिकवते, आणि 'सेलिबेट' या शब्दाला माझं उदाहरण ठरलेलं असतं. माय ब्रदर इज सेलिबेट. फळ्यावर लिहायचं आणि ऐटीत सांगायचं, की माझा थोरला भाऊ गुंडा सांगोल्याकडं मेंढरं राखतो आणि बिरोबाच्या नावानं ब्रह्मचारी राहिलाय. पोरं माना डोलवायची. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

परवा या शब्दावरच्या वह्या तपासताना मला हसू आवरेना. एकानं लिहिलं होतं, आय अ‍ॅम सेलिबेट अंटिल पोलीस भरती. हे एक वेळ चालून जाईल. पण मंगळवेढ्याच्या सृष्टीचं वाक्य होतं, माय अंकल इज सेलिबेट बिकॉज नोबडी गिव्ह्ज हिम अ गर्ल. त्यावर मी लाल पेनानं काट मारली आणि वर्गात सगळ्यांसमोर सुनावलं, "ज्यानं शरीरसंबंध नको असं स्वतःहून ठरवलं, त्यालाच हा शब्द लावायचा. मुलगी मिळाली नाही म्हणून राहिलेला माणूस नुसता अनमॅरिड."

सृष्टी गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. "मग मॅडम, तुमच्या भावानं सोताहून ठरवलंय व्हय?"

"हो," मी म्हणाले आणि घाईघाईनं पुढचा शब्द घेतला. तेरा वर्षांत मी त्याला हे एकदाही विचारलेलं नव्हतं.

तेरा वर्षांपूर्वी दादाचं लग्न जमत आलं होतं. मुलीचं नाव मायाक्का. दादा तिला एकदाच बघून आला आणि चार दिवस उगाचच शिट्टी वाजवत हिंडला. पण तिच्या घरच्यांनी साट्यालोट्याची अट घातली. त्यांची मायाक्का आमच्या घरात यायची असेल, तर मी तिच्या भावाशी, धनाजीशी लग्न करायचं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मी साफ नाही म्हटलं आणि सोलापूरला होस्टेलवर निघून आले. तिकडं स्थळ मोडलं. भावाच्या संसारात माती कालवली म्हणून गाव मला नावं ठेवू लागलं. आठवड्याच्या आत दादानं देवळात भंडारा, म्हणजे देवाची हळद, उचलून शपथेवर जाहीर केलं, की तो बिरोबाला वाहिलेला आहे, त्याला लग्न करायचंच नव्हतं. लोकांची तोंडं बंद झाली. मी सुटले. आणि मग त्याच्या त्या शब्दावर विश्वास ठेवणं मला इतकं सोयीचं झालं, की मी तो ठेवलाच.

रविवारी मी एसटीनं गावी गेले. दादा माळावर एका मेंढीचा पाय मांडीवर घेऊन खुरातला काटा काढत होता. मी बसले आणि सरळ विचारलं, "दादा, तू बिरोबाला खरंच शब्द दिलावतास?"

त्यानं मान वर केली नाही. "कशाचा शब्द? लोकं तुला बोलत हुती, आय रडत हुती. कायतरी बोलायला पायजे हुतं की."

"आन् नंतर?"

"नंतर लोकं पाया पडाय लागली. आता पाया पडून घेनाऱ्यानं पोरगी बघाय कसं जावं?" तो थोडा हसला. मग म्हणाला, "बसव्वाचं स्थळ आलंतं, आटवतंय?"

मला आठवत होतं. कर्नाटकाच्या शिवेवरची, नवऱ्यानं टाकलेली बाई. आईनं मला फोन केला होता, गुंडाला जरा समजाव, तुझं ऐकंल तो.

"लई चांगली हुती," दादा म्हणाला. "तवा मला वाटलंतं, तू शिकलेली हायस, तू म्हनशील, कसला देव आन् कसलं काय, कर लगीन. लोकांनीबी तुझं ऐकलं आसतं. तुझा फोन आला. तू म्हनलीस, दादा, देवाला दिलेला शब्द मोडू नगं."

मी हे म्हटलं होतं. होस्टेलच्या खोलीत एकही देव न ठेवणारी मी. त्याचा नवस खोटा ठरला, तर सगळं पुन्हा माझ्यावर येईल, या एकाच भीतीनं म्हटलं होतं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मी आजच सांगते गावाला," मी रडतच म्हटलं. "सगळं माझ्यामुळं झालं म्हणून सांगते."

"आता नगं." दादानं काटा काढून फेकला आणि मेंढी सोडली. "आता मला मान हाय तो तेवढ्याच गोष्टीवर. त्यो तरी ऱ्हाऊ दे."

तेवढ्यात वाटेनं जाणारी एक बाई कडेवरच्या लेकराला घेऊन आमच्याकडं वळली. दादानं कमरेच्या पिशवीतला भंडारा लेकराच्या कपाळाला लावला आणि ती त्याच्या पाया पडली. तिच्या पाठोपाठ मीही वाकले. मी माफी मागत होते. बाईला ती भक्ती वाटली, आणि मी तिला तसं वाटू दिलं.