बंद ठेवलेला रस्ता

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते शाळेत भूगोल शिकवणाऱ्या आमच्या बाईंचे. दहावीनंतर मी वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरलेलं होतं. बाई दुकानात आल्या, पंक्चरच्या टबाशेजारी स्टुलावर बसल्या आणि वडील हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. घराण्यातला पहिला पदवीधर मी असा झालो.

२०१६ साली मी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, डोंगरातल्या एका स्कीच्या गावी, हिमस्खलनाचा धोका तपासायच्या कामावर होतो. गावाला रस्ता एकच, आणि त्याच्या डोक्यावर बर्फाचा उतार. आम्ही उतारावर खड्डा खणून बर्फाचा एक खांब मोकळा करायचो, त्यावर फावडं ठेवून थापा मारायचो. आधी मनगटातून हलक्या, मग कोपरातून, मग खांद्यातून. खांब किती जोराला सरकतो त्यावर धोका ठरायचा.

हिवाळा सरताना, मोसमातल्या शेवटच्या गर्दीच्या शनिवारी, वर रात्रीतून पडलेला जड बर्फ होता आणि खाली साखरेसारखा भुसभुशीत थर. पहिल्या हलक्या थापेलाच खांब टेबलाच्या खणासारखा बाहेर आला.

मी रस्ता बंद ठेवायला सांगितलं. वरिष्ठांचा फोन आला. "नक्की कोसळेल? गावातलं बुकिंग फुल्ल आहे."

"नक्की सांगता येत नाही. पण खालून पोराबाळांच्या गाड्या जाणार. मी उघडा म्हणणार नाही."

दोन दिवस रस्ता बंद राहिला. काहीही कोसळलं नाही. मग थंडी वाढली, थर हळूहळू घट्ट झाला, रस्ता उघडला.

गावात पुण्याचं एक जोडपं मोटेल चालवायचं. मोसमभर मी त्यांच्याकडेच जेवत होतो. रस्ता उघडला त्या संध्याकाळीही गेलो.

"या, हवामान खातं आलं," दादा म्हणाले. "सगळी बुकिंग कॅन्सल झाली. कुठंय तुमचा बर्फ?"

"वरच आहे, दादा."

"वर तो दरवर्षीच असतो."

"भाऊजींचं काय जातं," वहिनी आतून म्हणाल्या. "पगार चालूच आहे."

"वहिनी, गाड्यांवर आला असता तर?"

"आला नाही ना पण." मग त्या म्हणाल्या, "आज स्वयंपाक आमच्यापुरताच केलाय."

पुढच्या मोसमासाठी मला बोलावलं नाही. गावकऱ्यांनी लेखी तक्रार दिली होती, की जन्मात बर्फ न पाहिलेला माणूस घाबरणारच. दादांनीही त्यावर सही केली होती.

त्यानंतर बाईंना पत्र लिहिलं, ते असं:

"बाई, साष्टांग नमस्कार. डोंगरावरचं काम सुटलं. आता हॅमिल्टन शहरात, 'ते रापा' नावाच्या भागातल्या दुधाच्या कारखान्यात आहे. तब्येत बरी आहे. मी इथे माणसं वाचवतो, असं तुम्ही वर्गात सांगता म्हणे. कृपा करून सांगू नका. कोणी वाचलं का, हे मला माहीत नाही, आणि कळायला काही मार्गही नाही. मी एक रस्ता बंद ठेवला आणि गावाला त्याचा राग आला, एवढंच खरं. तपासणीत बर्फ पुन्हा तसाच सरकला तर मी पुन्हा बंदच ठेवा म्हणेन. पण आता मला कोणी विचारत नाही."