उतारवयातला काउबॉय

दादा, म्हणजे माझे वडील, पारनेर तालुक्यातले नावाजलेले पैलवान. जत्रेत कुस्ती मारली की मला नगरला नेऊन काउबॉयचा पिक्चर दाखवायचे. त्यातला एक उंच, कमी बोलणारा नट त्यांचा फार लाडका.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. मी सुट्टी काढून गावी राहिले. लेकीने धरून उठवावं, हे त्यांना सोसेना. एकटेच उठायला जायचे, पडायचे आणि खाली पडल्यावरही माझा हात झिडकारायचे.

एका दुपारी मोबाईलवर त्याच नटाचा उतारवयातला पिक्चर सापडला, हिंदीत डब केलेला. पाठीला उशी लावून दादांना दाखवला. पिक्चर तसा फसलेलाच. गोष्ट रेंगाळते. नातीच्या वयाची बाई त्याच्या प्रेमात पडते. तो धडाधड तरणे गडी लोळवतो तेव्हा पाठमोरा दिसणारा माणूस भलताच कोणी आहे, हे मलाही कळलं.

"खोटं हाय," दादा जड जिभेने म्हणाले. "खांद्यात जोरच न्हाई, तर बुक्की कुठून येनार?"

पण मध्येच एक प्रसंग येतो. त्याला घोड्यावर बसायचं असतं. रिकिबीत पाय जातो, अंग काही उचलत नाही. तो पुन्हा चढून बघतो. संगीत नाही, संवाद नाही, नुसता त्याचा धापा टाकल्याचा आवाज. शेवटी तबेल्यातला माणूस पुढे होतो आणि हा त्याच्या खांद्यावर भार टाकून चढतो. त्या वेळचा त्याचा चेहरा! तरुणपणी त्याला असं काम जमलं नव्हतं.

दादांनी खूण करून तेवढंच परत लावायला सांगितलं. डोळे भरले होते.

"बंद करू का, दादा?"

"नगं." प्रसंग संपल्यावर म्हणाले, "पोरी, मला जरा बाहीर ने."

आजारपणात पहिल्यांदाच त्यांनी माझ्या गळ्यात हात टाकला. ओट्यावर पोचेपर्यंत दोघंही घामाघूम झालो. रस्त्यावरून कोणीतरी हाक घातली, "राम राम, पैलवान!" दादांनी मान खाली घातली, हात मात्र काढला नाही.

पुढे थंडीत दुसरा झटका आला. वाचा पूर्ण गेली. शेवटचे दिवस ते माझ्याकडे नुसते बघत राहायचे. काय हवंय ते मला बहुतेक वेळा कळलं नाही.