मुलुंडच्या गेटावरून परत दिलेला माणूस

आमची तुकडी मुलुंडला आली तेव्हा मी हवालदार होतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक लष्करी स्टोअर, तीस जवान, एक सुभेदार, एक कॅप्टन. साडेपाचला पीटी, आठला गार्ड बदली, संध्याकाळी सहाला रोलकॉल. कुंपणापलीकडे दगडाची खाण होती. तिथे दुपारी एकला सुरुंग उडायचे.

कॅप्टनसाहेब प्रमोशनच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. विषय, अमेरिकेचं यादवी युद्ध. माझा हात बरा म्हणून नकाशे मी काढायचो. साहेब नागपूरचे. शेजारी उभे राहून मराठीत समजावत.

"दक्षिणेत कापूस, आणि कापूस गुलामांच्या जिवावर. देश पश्चिमेला वाढत गेला, तसा दर नव्या राज्याला तोच वाद. इथे गुलाम ठेवायचे की नाही?"

"कुणी मिटवलं नाही, सर?"

"तीस वर्षं मिटवतच होते. मग कायदा कडक केला. उत्तरेत पळून आलेला गुलाम पकडून मालकाला परत द्यायचा. तिथे लोक बिथरले. ज्यांनी जन्मात गुलाम ठेवला नव्हता, त्यांनाच आता त्याला धरून द्यायला सांगत होते."

पुढे गुलामगिरी नव्या मुलखात पसरू देणार नाही म्हणणारा राष्ट्राध्यक्ष निवडून आला. दक्षिणेतली राज्यं एकेक करून फुटली. त्यांनी बंदरातल्या एका किल्ल्यावर तोफा डागल्या आणि चार वर्षं एकाच देशाची माणसं एकमेकांना मारत राहिली. मी दक्षिण लाल पेन्सिलीने रंगवली. तो मंगळवार होता.

गुरुवारी मी गार्ड कमांडर होतो. साहेब मीटिंगला कुलाब्याला गेले होते. सकाळी ११.२० ला एक माणूस धावत गेटाच्या आत आला आणि खाली बसला. पस्तिशीचा असेल. पायात चप्पल नव्हती, पाठीवर वळ होते.

"नाव काय?"

"सोपान. खाणीतला. जालन्याकडचा."

"इथे का आलास?"

"तीन वर्षं झाली साहेब, गावाला जाऊ देत नाहीत. उचल फिटली नाही म्हणतात. बायकोला पण कामाला जुंपलंय. तुम्ही मिलिटरीवाले. तुमच्या गेटात ते येणार नाहीत."

मी त्याला पाणी दिलं आणि फोन उचलला.

"सुभेदारसाहेब, गार्डरूम. एक सिव्हिलियन आत आलाय. खाणीतून पळालाय."

"सिव्हिल मॅटर आहे. बाहेर काढ."

"साहेब, मारलंय त्याला."

"हवालदार, ऑर्डर समजली?"

"समजली, साहेब."

एवढ्यात खाणीचा मुकादम गेटाशी आला. आवाज न चढवता म्हणाला, "आमचाच माणूस आहे, हवालदारसाहेब. द्या इकडे."

वेठबिगारी कायद्याने बंद होऊन काही वर्षं झाली होती. मला कायदा ठाऊक नव्हता, असं मी पुढे बरीच वर्षं सांगितलं. पण मंगळवारचा नकाशा ठाऊक होता. पोलीस चौकीला फोन करता आला असता. साहेब चारला परतणार होते, तोवर त्याला बसवून ठेवता आलं असतं. मी सोपानला दंडाला धरून उठवलं आणि ११.४० ला गेटाबाहेर नेलं. मी लॉगबुकात लिहिलं, 'एक सिव्हिलियन, बाहेर काढला.'

साहेब आल्यावर मी त्यांना सांगितलं नाही.

शनिवारी दीडच्या सुमाराला खाणीत अवेळी स्फोट झाला. मदतीला आमची पार्टी गेली, मीच घेऊन गेलो. एक वाजता लावलेल्यांपैकी एक सुरुंग फुटला नव्हता. तो उकरायला मुकादमाने एकालाच उतरवलं होतं. आम्ही दगड बाजूला केले. तो सोपान होता. स्ट्रेचरचा पुढचा दांडा माझ्या हातात होता.

"ओळखतोस याला?" आमच्या मागोमाग आलेल्या साहेबांनी माझ्याकडे बघत विचारलं.

"नाही, सर."

संध्याकाळी रोलकॉलनंतर मी त्यांच्या ऑफिसात गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी लॉगबुक मागवून गुरुवारचं पान पाहिलं. मग म्हणाले, "लिहून दे. तुझ्या सहीने."

मी लिहून दिलं. माझी बढती दोन वर्षं लांबली, ते रास्तच होतं. साहेबांनी तो कागद कलेक्टर कचेरीत पोचवला. महिन्याभराने तहसीलदार पोलीस घेऊन आले आणि खाणीतली अकरा कुटुंबं सुटली. लोक मला म्हणतात, बघा, तुमच्यामुळे सुटली. मी त्यांना हिशेब उलटा करून दाखवतो. गुरुवारी लिहिलं असतं तर सोपानही जिवंत सुटला असता.

गावी जायच्या दिवशी सोपानची बायको कौसा ट्रकपाशी उभी होती. मी जवळ गेलो.

तिने विचारलं, "गेटावर तुम्हीच होता का?"

"हो."

"ते सांगत होते, मिलिटरीवाला मराठी बोलत होता. पाणी पण दिलं म्हणाले."

एवढं बोलून ती ट्रकमध्ये चढली.

नंतर सरहद्दीवर माझ्या सेक्शनचे दोन जवान गेले. त्यांची नावं स्मारकावर आहेत, लोक फुलं वाहतात. सोपानचं नाव कुठेच नाही. माझ्या लॉगबुकातसुद्धा मी ते लिहिलं नव्हतं.