नीलाताई नकार द्यायला जातात

नीलाताई दातारांना कोणाला नाही म्हणणं जमत नसे. नकार द्यायचा तर तो समोर जाऊन, आणि तेही काहीतरी खाऊ घेऊन. मग समोरचा चहा टाकतो, चहा झाल्यावर जीभ रेटत नाही आणि नीलाताई होकार देऊन घरी येतात. सोसायटीचं खजिनदारपद त्यांच्या गळ्यात असंच पडलं होतं.

या खेपेला मात्र त्या पक्कं ठरवून निघाल्या होत्या. नवऱ्याच्या, त्र्यंबकरावांच्या, आजारपणात कित्येक वर्षं बिनमिठाचं रांधण्यात आणि गोळ्यांच्या वेळा सांभाळण्यात गेली. ते गेल्यावर सगळे म्हणू लागले, आता मोकळी झालीस. मोकळी म्हणजे काय, तर कल्याणच्या लेकीने हाक मारावी आणि नीलाताईंनी डोंबिवलीच्या मानपाड्याहून नातवासाठी धावावं. त्यात त्र्यंबकरावांचे मित्र साईनाथ यांनी आपला पोपट सांभाळायला म्हणून पुढे केला.

पोपट म्हणजे पेरू खाणारा हिरवा राघू नव्हे. हातभर लांबीचा निळा-पिवळा मकाव. सूर्यफुलाच्या बिया खाऊन यकृत बिघडलेला, वर फिट येणारा. ठाण्यात साईनाथांच्या घराजवळ, टेंभी नाक्यावर, दहीहंडीचे स्पीकर लागले की तो थरथरायला लागे, म्हणून डॉक्टरांनी शांत घर शोधायला सांगितलं होतं. डोंबिवलीला कोणी शांत म्हटलेलं नीलाताई प्रथमच ऐकत होत्या.

"आई, आत्ता कुठे सुटलीयेस," लेकीने, ऋजुताने, बजावलं होतं. "परत कोणाच्या गोळ्या-बिळ्या मागे लावून घेऊ नकोस. आणि शनिवारी अद्वयला क्लासमधून आणशील ना?"

साईनाथांनी चहा टाकला. नीलाताईंनी नारळाच्या वड्या पुढे केल्या आणि घसा खाकरला. तेवढ्यात पिंजऱ्यातून घोगरा आवाज आला, "औषध घेतलंस का?"

"लक्ष देऊ नका, वहिनी," साईनाथ म्हणाले. "मी रोज त्याला विचारतो, तो येईल त्याला विचारतो."

पण नीलाताईंचं लक्ष गेलंच. हा प्रश्न त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना विचारला होता. त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांना शुगर आहे हे ऋजुताला ठाऊक होतं, गोळी कधी घेतात ते नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि पोपटाच्या बोलण्याचं वाईट वाटावं याचा रागही आला.

"राहिलं आज," त्या पोपटाला म्हणाल्या.

त्याला उत्तराशी काही कर्तव्य नव्हतं, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. तरी त्यांनी पर्समधली गोळी काढून घेतली आणि साईनाथांना विचारलं, "ह्याला सकाळचं किती वाजता देता?"

साईनाथांनी औषधांची पिशवी आणली, पण ती त्यांच्या हातून लवकर सुटेना. इतक्यात ऋजुताचा फोन आला.

"सांगितलंस ना नाही म्हणून?"

"ते नाही जमलं गं. पण शनिवारी मला यायला जमायचं नाही. माझ्याकडे पेशंट आहे."

"आई, पक्षी आहे तो."

"पक्षीच आहे," नीलाताई म्हणाल्या. "पण औषध घेतलं का म्हणून विचारतो."

शनिवारी अद्वयला आणायला त्याची आईच गेली.